पिल्लू आणायचंय, पण कोणतं?

मागच्या अंकात एवढंच छापलं होतं की पिल्लू आणायचा विचार असेल तर आणायच्या आधी विचारा, आणल्यावर नको. त्यावर जी काय पत्रं अन् व्हॉट्सॲप मेसेज आलेत ते वाचून डोकं गरगरायलंय. निम्म्या लोकांनी फक्त 'कोणती जात चांगली' एवढंच विचारलंय. घरात दिवसभर कोण असतं, पाणी किती दिवसाआड येतं, सकाळी सहाला उठणारं कोण आहे, हे कुणी लिहीतच नाही आणि मला तर आधी तेच लागतं, जात नंतर. ज्यांनी थोडंफार लिहिलंय त्यांची पत्रं घेतलीत, बाकीच्यांनी परत लिहा.

आम्ही लातूरला दुसऱ्या मजल्यावर टू बीएचकेमधे राहतो. मी बँकेत, मिस्टर कॉलेजवर, लेकरं चौथीत अन् सातवीत. रील बघून बघून लेकरं हस्कीचा हट्ट करायलेत. पुण्यात एक जण स्वस्तात द्यायलाय. घ्यावा का? — एक ताई, लातूर

नको ताई. स्वस्तात काय, फुकट दिला तरी नको.

हस्की सायबेरियातला, बर्फात गाडी ओढायला तयार केलेला कुत्रा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आत लोकरीसारखा मऊ अन् वर लांब. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकून अंग थंड करतो, आणि हवाच बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असल्यावर धापा टाकून तरी काय होणार. मग लोक म्हणतात एसी लावू. लावा की, पण लाईट गेल्यावर काय? दुसरे म्हणतात केस कापून टाकू. ते तर अजिबात करू नका, तो थर उन्हापासून सुद्धा थोडं वाचवतो, कापला की कातडी भाजते आणि केस परत नीट येतीलच असं नाही. मे महिन्यात फरशीवर चारी पाय पसरून पडलेला, डोळे लाल झालेला हस्की दवाखान्यात येतो तेव्हा मालकाचा चेहरा बघवत नाही. कुत्र्याचा तर नाहीच.

पाण्याचं तुम्हाला मी काय सांगावं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे आपलं. एवढ्या केसाच्या कुत्र्याला एक अंघोळ घालायची म्हणजे दोन-तीन बादल्या कुठंच गेल्या नाहीत.

पण खरी अडचण हस्कीची नाहीच, घड्याळाची आहे. तुम्ही दोघं नऊ-साडेनऊला निघणार, लेकरं शाळा-ट्यूशन करून पाच वाजता येणार. दोन महिन्याच्या पिल्लाला दिवसातनं तीन-चार वेळा खायला लागतं अन् दर दोन-तीन तासाला शी-शूला न्यावं लागतं, तेही दोन जिने उतरून. ते सात-आठ तास एकटं कोंडून राहिलं तर घरभर घाण करणार, सोफा फाडणार, रडून रडून शेजारच्यांना जागं ठेवणार. हे लॅब्रा आणला तरी होईल, पग आणला तरी होईल. आजी-आजोबा घरी असतात का ते तुम्ही लिहिलं नाही, असतील तर गणित जरा बदलतं, पण मग त्यांना विचारा, लेकरांना नाही.

माझं मत विचाराल तर दीड-दोन वर्षाचं, शी-शूची शिस्त लागलेलं मोठं कुत्रं बघा. गावठी चालेल. आपल्याकडं सगळे ज्याला पामेरियन म्हणतात तो बऱ्याच वेळा इंडियन स्पिट्झ असतो, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच उन्हात वाढलेला, फ्लॅटमधे तोही राहतो, फक्त दारावरची बेल वाजली की कान बधिर करतो एवढं ध्यानात ठेवा. पग मात्र नको. नाक इतकं चपटं की त्याला साधा श्वास घेणं अवघड, उन्हाळ्यात जास्तच.

आणि लेकरांना एक काम लावा. पंधरा दिवस रोज सकाळी सहाला उठायचं अन् खाली जाऊन अर्धा तास चक्कर मारून यायची, कुत्र्याशिवाय. पंधरा दिवस टिकले तर मला परत लिहा.

उदगीरजवळ शेतात आखाडा आहे. दोन म्हशी, दहा-बारा शेरडं, थोड्या कोंबड्या. रात्री मोटारीची केबल चोरीला जायलीय, रानडुकरं पण यायलेत. पश्मी घ्यावा का जर्मन का गावठी? पाहुणे म्हणतात पश्मीच घे. — एक शेतकरी, ता. उदगीर

दादा, प्रश्न एकदम कामाचा. पाहुण्याचं अर्धं बरोबर आहे.

पश्मी आपल्याच भागातला, लातूर-उदगीर पट्ट्यात अजून लोक आवडीनं पाळतात. कानावर, शेपटीवर, पायाच्या मागं रेशमासारखे केस असले की पश्मी, अन् अंग गुळगुळीत असलं की कारवानी. तिकडं कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मुधोळला त्याच घराण्यातल्या कुत्र्याला मुधोळ हाउंड म्हणतात, पोस्टानं २००५ मधे त्याचं तिकीट पण काढलंय. उन्हाला टिकतो, कमी खातो, घरच्या माणसाशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाही. इथपर्यंत सगळं झकास.

आता दुसरी बाजू. हे जनावर डोळ्यानं शिकार करणारं आहे. लांब काहीतरी पळताना दिसलं की हे सुटलंच, मग तुम्ही कितीबी हाका मारा, ऐकू जात नाही त्याला. तुमच्याकडं कोंबड्या आहेत अन् शेरडाची करडं आहेत. पश्मी दोन महिन्याचा असल्यापासून कोंबड्यात वाढवला तर बराच फरक पडतो, पण दीड वर्षाचा मोठा पश्मी कुणाकडनं उचलून आणला तर खुराडं रिकामं व्हायला एक दुपार बास झाली. शेजारून रोड जात असेल तर अजून भीती, गाडीखाली जाणारे पश्मी लई. आणि कुणी म्हणलं की ससे धरायला कामाला येईल, तर सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, त्या भानगडीत पडू नका.

मुख्य म्हणजे तुम्हाला चोर धरायचा नाही, चोर आलाय हे कळायला पाहिजे. त्या कामाला गावठीच्या तोडीचं कुणी नाही, बांधावर पान हललं तरी भुंकतंय. पश्मी बऱ्याचदा गप बसून बघत राहतो. म्हणून माझा सल्ला, गावठीच घ्या, अन् जमलं तर दोन घ्या, एक कुत्री एक कुत्रा, दोघांचं ऑपरेशन करून, नाहीतर दोन वर्षात आखाड्यावर डझनभर होतील. रानडुकराचं म्हणाल तर कुत्रं भुंकून हाकलून लावतं तेवढंच, अंगावर सोडायचं नाही, सुळ्यानं पोट फाडतंय.

जर्मन शेफर्ड बघायला रुबाबदार आहे, मान्य. पण आखाड्यावर त्याला बारा महिने सावली, पाणी अन् रोज कुणीतरी शिकवणारा माणूस लागतो, नुसता साखळीला बांधून ठेवला की तो चिडका होतो. कमरेच्या खुब्याचा त्रास त्या जातीत नेहमीचा आहे. शिवाय म्हशी आहेत म्हणजे गोठ्यात गोचीड असणारच. गोचीड ताप कुठल्याही कुत्र्याला होतो, गावठीला सुद्धा, पण लांब दाट केसात गोचीड दिसतच नाही, अन् कुत्रं खायचं बंद होऊन हिरड्या पांढऱ्या पडल्यावर आपल्याला कळतंय. गोठ्यातलं गोचीड न मारता कुत्र्याला कितीबी औषध लावा, उपयोग नाही.

नुसती भाकरी अन् ताक घालून कुत्रं जगतं, ताकदीचं होत नाही. अंडं, वरण, चिकनचे तुकडे काहीतरी घालत जा. उरलेलं कालवण घालायची सवय असेल तर ती मोडा, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो.

विकणारा म्हणतो पस्तीस दिवसाचं पिल्लू नेलं तर लळा लागतो, मोठं झाल्यावर लागत नाही. लॅब्रा आहे, डबल बोन म्हणतोय. — अंबाजोगाई

लळा लागत नाही, विकणाऱ्याचा दुधाचा खर्च वाचतो. २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की आठ आठवड्याच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आई अन् भावंडांसोबत पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू एक मोठी गोष्ट शिकतं, ती म्हणजे दात किती जोरात लावायचा. भाऊ ओरडला की सोडायचं. हे न शिकलेलं पिल्लू पुढं सहा महिने तुमच्या लेकरांच्या हातावर शिकतं.

डबल बोन अशी काही गोष्ट नसते, हाडं सगळ्यांना सारखीच. केसीआयचे (केनल क्लब ऑफ इंडियाचे, जातीच्या नोंदणीचे) कागद देतो म्हणला तर हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि पिल्लू बसस्टँडवर किंवा चौकात आणून देतो म्हणला तर तिथंच नाही म्हणा. घरी जायचं, आई बघायची. आई दाखवत नसेल तर काहीतरी लपवतोय.

एका घरी सात पिल्लं आहेत, त्यातनं एक घ्यायचंय. सगळ्यात चपळ असतं ते घ्यावं का? आमचे मामा म्हणतात वीसनखी बघून घे. नर घ्यावा का मादी? — एक वाचक, जालना

मामांना नमस्कार सांगा. वीसनखी म्हणजे काय ते आधी सांगतो. साधारण कुत्र्याला पुढच्या पायाला पाच-पाच अन् मागच्या पायाला चार-चार अशी अठरा नखं असतात. काहींना मागच्या पायाला वरच्या बाजूला एक-एक जास्तीचं येतं, झाली वीस. त्यानं कुत्रं शूर होत नाही की राखणीला चांगलं होत नाही. उलट ते मागचं नख बऱ्याच वेळा नुसतं कातडीला लोंबत असतं, कुठंतरी अडकून फाटतं, जमिनीला घासत नाही म्हणून वाढून गोल होऊन मांसात घुसतं. वीसनखी घेतलं तर ते नख कापत राहावं लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

आता पिल्लू कसं बघायचं. एकदा दुपारी जा, एकदा संध्याकाळी जा, कारण दूध पिऊन झोपलेलं सगळ्यात दांडगं पिल्लू सुद्धा गरीब दिसतं. जमिनीवर बसा. उभं राहून वरनं बघितलं की फक्त पाठी दिसतात. पाच मिनिटं काही करू नका. एखादं पळत येऊन पॅंटीला लोंबकळतं, तेच भावंडांना आडवं पाडत असतं. सगळ्यांना तेच आवडतं. तुमचं पहिलंच कुत्रं असेल तर ते नको, ते घरात सगळ्यांना पुरून उरेल. एखादं कोपऱ्यात तोंड घालून बसतं, हात लावला की थरथरतं. त्याची दया येते, पण दयेपोटी घेऊ नका, लेकराबाळाच्या घरात भित्रं कुत्रं जास्त चावतं. मधलं एक असतं, येतं, हुंगतं, परत जातं, परत येतं. ते बघा.

मग त्याच्या पाठीमागं किल्ल्या वाजवा, कान टवकारले पाहिजेत. दुसऱ्या पिल्लाला न दिसता वाजवायच्या, नाहीतर भावंड वळलं म्हणून तेही वळतं. डोळ्यात चिपडं नको, नाक वाहायला नको. हिरड्या गुलाबी पाहिजेत. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं अन् बरगड्या दिसतायत म्हणजे जंत आहेत, त्यावर औषध आहे, पण विकणाऱ्यानं ते दिलं नाही एवढं कळतं. बेंबीपाशी मऊ गाठ लागली तर हर्निया असू शकतो, डॉक्टरला दाखवून मगच ठरवा. शेपटी वर करून बघा, खाली चिकटलेली घाण असेल तर जुलाब चालू आहेत. काखेत अन् कानात गोचीड-पिसवा बघा.

एवढं करूनही ते मोठेपणी कसं निघेल हे छातीठोक कुणी सांगू शकत नाही, मी पण नाही. त्याच्यापेक्षा जास्त आईवरनं कळतं. आई अनोळखी माणसाला बघून पिल्लं सोडून पळते का, दात दाखवते का, का जरा भुंकून शांत होते? तिसरी असेल तर डोळे झाकून घ्या. डोळे झाकून म्हणजे वरचं सगळं बघून झाल्यावर.

नर-मादी काहीही घ्या. मादी साधारण सहा महिन्यातनं एकदा माजावर येते, तीनेक आठवडे दारात गल्लीतले सगळे नर. नर घेतला तर तो दुसऱ्याच्या दारात. ऑपरेशन केलं की दोन्हीचा बराचसा प्रश्न मिटतो.

दोन महिन्यापूर्वी आमचं पिल्लू गॅस्ट्रो होऊन गेलं, चार दिवसात संपलं. लेकरू अजून रडतंय. दुसरं कधी आणावं? — हिंगोली

वाईट झालं. रक्ताची उलटी-जुलाब होऊन चार दिवसात गेलं म्हणजे बहुतेक पार्व्हो असणार. तुम्ही लिहिलं नाही, पण लस झाली नसेल किंवा एकच झाली असेल असं वाटतंय.

हा विषाणू लई चिवट आहे. मातीत, सावलीतल्या कोपऱ्यात महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षभर टिकतो, अन् साध्या फिनेलनं मरत नाही. फरशी असेल तर एक भाग ब्लीच अन् तीस भाग पाणी करून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग धुवायचं. जुनं अंथरूण, ताटली, पट्टा सगळं जाळून टाका. अंगण शेणामातीचं असेल तर ते शुद्ध करता येत नाही, मग वर्षभर छोटं पिल्लू आणूच नका. लेकरासाठी थांबवत नसेल तर लसी पूर्ण झालेलं, सात-आठ महिन्याच्या पुढचं कुत्रं आणा.

पिल्लू आणलंच तर सहा ते आठ आठवड्याला पहिली लस, मग तीन-चार आठवड्याच्या अंतरानं, चार महिन्याचं होईपर्यंत. एक टोचली की झालं असं नाही, लोक इथंच फसतात. रेबीजची तीन महिन्याला वेगळी. ते सगळं होईपर्यंत गल्लीत खाली सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन बाहेर फिरवा, माणसं, गाड्या, बॅंडबाजा दाखवा, कारण तीन-साडेतीन महिन्यापर्यंत जे बघितलं त्याची भीती नंतर वाटत नाही.

वय ६८, निवृत्त शिक्षक. मुलं पुण्याला. आम्ही दोघंच. गुडघे दुखतात. सोबतीला लॅब्राडोरचं पिल्लू घ्यावं म्हणतो. गेटजवळ एक काळी कुत्री रोज येते, तिला मी पोळी टाकतो, बाकी अनुभव नाही. — परभणी

गुरुजी, लॅब्राडोरचं पिल्लू नको. वर्षभरात तीसेक किलोचं होईल, गल्लीत दुसरं कुत्रं दिसलं की साखळीला असा हिसका देईल की गुडघ्याचं राहू द्या, मनगट जाईल. अन् दहा-बारा वर्षं जगतं, तेव्हा तुमचं वय काय असेल ते तुम्हीच मिळवा, गणिताचे सर असाल तर लगेच येईल.

पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी अर्धवट टाकून दिलंय. काळी कुत्री. ती रोज येते, म्हणजे तुमची वेळ तिला माहीत आहे, तुमचा आवाज माहीत आहे. तिचा स्वभाव तुम्ही रोज बघताय, असं कुठल्याही पिल्लाचं कळत नाही. परभणीत तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं नेऊन रेबीजची लस, जंताचं औषध अन् ऑपरेशनचं विचारा. कुणीतरी तरुण माणूस सोबत घ्या, पहिल्यांदा रिक्षात बसायला ती तयार होणार नाही. मग हळूहळू गेटच्या आत पोतं टाका. डिसेंबर-जानेवारीत परभणीची थंडी तुम्हाला माहीतच आहे, एका रात्री आपणच येऊन झोपेल. पट्टा बांधायची घाई करू नका. मॅडमना कुत्र्याची भीती वाटत असेल तर मात्र हे सगळं रद्द, आधी त्यांना विचारा.

मी नववीत आहे. आई-पप्पा दिवाळीपासून कारखान्याला जातात ऊस तोडायला, मी आजीजवळ राहतो. मित्राच्या कुत्रीला सहा पिल्लं झालेत, एक आणू का? आजी नको म्हणती. — ता. धारूर

बाळा, पत्र छान लिहिलंस. आधी आजीला विचार की नको का म्हणती. दूध पुरत नाही म्हणून, का शेण-घाण तिलाच काढावी लागते म्हणून, का मागं कधी कुत्रं चावलेलं आहे म्हणून? कारण कळलं की निम्मं काम झालं.

दुसरं असं, दहावी झाल्यावर तू अंबाजोगाईला नाहीतर लातूरला शिकायला जाशील. कुत्रं काय हॉस्टेलवर येत नाही. म्हणजे हे पिल्लू तुझं कमी अन् आजीचंच जास्त होणार, म्हणून तिनं हो म्हणल्याशिवाय आणायचं नाही. हो म्हणाली तर दोन महिन्याचं होऊ दे, तोपर्यंत मित्राच्या घरी रोज जाऊन खेळ त्याच्याशी. गावठीच आहे, चांगलं आहे. तीन महिन्याचं झालं की गुरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस. पिल्लानं खेळता खेळता चावलं, नख लागलं तरी लपवायचं नाही, साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवायचं अन् त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचं विचारायचं, तिथं ते फुकट असतं. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नको.

आजी काय म्हणाली ते कळव.

सोसायटीनं मीटिंग घेऊन ठराव केलाय की कुत्री पाळायची नाहीत. आता काय? — संभाजीनगर

ठराव फ्रेम करून लावू द्या त्यांना. ॲनिमल वेल्फेअर बोर्डानं २०१५ च्या सूचनांमधे सांगितलंय की बहुमत असलं तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायची नाही असंही म्हणता येत नाही. ती प्रिंट काढून सेक्रेटरीला द्या, सोबत लसीचं कार्ड अन् महापालिकेच्या परवान्याची झेरॉक्स जोडा. पण पार्किंगमधे शी केली तर उचलायची तुम्हीच, अन् पहाटे चारला भुंकत असेल तर शेजाऱ्याचं चिडणं बरोबर आहे. कुत्रं अजून आणलं नसेल तर स्पिट्झ सोडून दुसरं काहीतरी बघा.